भोयेसर आणि दाण्यातला तडा

किशोर भोये नेमकं काय करतो, हे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्याच्या सासऱ्यांना सांगता येत नव्हतं. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "आमचे जावई तांदळात आहेत." मग समोरचा किशोरकडे वळून इंद्रायणी चांगला की कोलम, असं विचारायला लागे. किशोरनं पहिली दोन-तीन वर्षं सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. नंतर त्यानं नाद सोडला आणि 'इंद्रायणी' असं उत्तर द्यायला सुरुवात केली. निदान एवढं एक उत्तर तरी त्याच्याकडे ठाम होतं. संशोधनात इतकं ठाम दुसरं काही सापडलेलं नव्हतं.

राहायला म्हसरूळ, नोकरी नाशिकच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि उरलेल्या वेळात पीएच.डी., असा त्याचा सात वर्षांचा रगाडा चालला होता. विषय होता भाताच्या दाण्याला पडणारा तडा. भात उन्हात वाळत घातला की दाणा बाहेरून आधी सुकतो आणि आत ओलाच राहतो. बाहेरचा भाग आकसायला बघतो, आतला त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत दाण्याला आडवी बारीक चीर पडते. वरून काही दिसत नाही, पण गिरणीत भरडताना दाणा नेमका तिथंच मोडतो आणि अख्ख्या तांदळाची कणी होते. किशोरनं हा दाणा कॉम्प्युटरवर उभा केला होता. दाण्याचे नव्वद हजार तुकडे करायचे, बाहेर ऊन किती आणि वारा किती ते सांगायचं, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो ते मोजत बसायचं. मोजायचं कॉम्प्युटरनं आणि बसायचं किशोरनं, अशी कामाची वाटणी होती. एक दाणा एक दिवस वाळवायला कॉम्प्युटरला एकोणीस तास लागत.

"खऱ्या उन्हात सात तासांत वाळतो," असं त्याची बायको मोहिनी म्हणाली होती. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिच्यापुढे आकडे फेकायची सोय नव्हती.

त्याच्या गाइड डॉ. खुशनुमा काझी. मूळच्या मनमाडच्या, वडील रेल्वेत, आणि स्वतःची पीएच.डी. रुळांना पडणाऱ्या तड्यांवर. त्या कमी बोलत आणि जे बोलत ते किशोरच्या आठवडाभर डोक्यात राही. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं की गणित कितीही देखणं असू दे, खळ्यावरच्या भाताशी जुळलं तरच त्याला अर्थ. किशोरनं वहीत ते वाक्य लाल पेनानं लिहून घेतलं. लाल पेनानं लिहिलं की काम झालं, अशी त्याची शाळेपासूनची समजूत होती.

प्रयोगशाळेतल्या भट्टीत दाणे वाळवले तेव्हा गणित बरोबर आलं. शंभरात एकेचाळीस दाण्यांना तडा जाईल असं कॉम्प्युटर म्हणाला आणि चाळीसांना गेला. किशोर त्या दिवशी कॉलेजात छाती काढून फिरला. मग खरं ऊन. त्यानं कॉलेजच्या गच्चीवर भात पसरला, चारी बाजूंना थर्मामीटर लावले आणि खाली तास घ्यायला गेला. परत आला तर थर्मामीटर तेवढे जागेवर होते. बाकीचा प्रयोग कबुतरांनी खाल्ला होता. वर प्राचार्यांनी गच्ची घाण झाली म्हणून बोलावून घेतलं आणि यापुढे छतावर धान्य न्यायचं नाही अशी लेखी सूचना काढली. ती फक्त त्याच्यासाठी होती, पण फलकावर सर्वांसाठी लागली.

मग त्याला घर आठवलं. पेठच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्याचा पाडा होता. तिथं आई भागीबाई आणि थोरला भाऊ पुंजा दरवर्षी भात पिकवत, खळ्यावर वाळवत आणि गिरणीत भरडून वर्षभर खात. नाशिकला किशोरच्या घरी तिथलाच तांदूळ येई. इतकी वर्षं जो तांदूळ खाल्ला त्याचा संशोधनाला उपयोग आहे, हे पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी लक्षात आलं म्हणून त्यानं स्वतःला हुशार ठरवलं. पुंजाला एक थर्मामीटर आणि एक छापील तक्ता दिला. वेळ, उन्हाचं तापमान, थराची जाडी, ढग आहेत की नाहीत, असे रकाने होते. वाळलेला भात डब्यात भरून एसटीनं नाशिकला यायचा. किशोर त्यातले चारशे दाणे नखानं सोलायचा, काचेवर मांडून खालून दिवा लावायचा, आणि मग काळी रेघ दिसली की तडा. रविवारची दुपार या कामात जायची. नखं इतकी झिजली की एकदा त्याला विद्यार्थ्यांनी तबला वाजवता का, असं विचारलं.

प्रबंधात आईचं नाव 'स्थानिक शेतकरी क्र. १' असं होतं. क्रमांक दोन नव्हताच.

अडचण एकच होती. कॉम्प्युटर म्हणायचा एकेचाळीस, आणि आईच्या भातात तडे गेलेले दाणे निघायचे सोळा. दुसऱ्या वर्षी सतरा. तिसऱ्या वर्षी पुन्हा सोळा. किशोरनं आधी स्वतःचं गणित तपासलं, ते बरोबर होतं. भट्टीत जुळत होतं ना! मग साहजिकच संशय आईवर गेला. थर्मामीटर सावलीत ठेवलं असेल. पुंजादादानं आकडे अंदाजानं लिहिले असतील. वाण निराळा असेल. डोंगरातली हवा निराळी असेल. यातलं एकही सिद्ध होईना, तेव्हा त्यानं उत्तराला शून्य पूर्णांक चारनं गुणलं. एकेचाळीसला तेवढ्यानं गुणलं की सोळा येतात. या आकड्याला त्यानं 'स्थानिक समायोजन गुणांक' असं भारदस्त नाव दिलं आणि बीटा हे ग्रीक अक्षर बहाल केलं. ग्रीक अक्षर लावलं की आकड्याला गोत्र मिळतं.

काझी मॅडमनी प्रकरण वाचलं आणि विचारलं, "भोये, हा बीटा म्हणजे नक्की काय आहे? ऊन आहे? वारा आहे? दाण्याचा गुण आहे?"

किशोर म्हणाला, तो एकूण परिस्थितीचं प्रतिनिधित्व करतो.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि प्रकरण परत दिलं.

असं पाच वर्षं चाललं. पीएच.डी.ची मुदत संपायला आली. एकतीस मार्चच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि सात वर्षं, नखांसकट, पाण्यात. कॉलेजात त्याच्यामागून लागलेली दोन पोरं डॉक्टर होऊन त्याच्यापुढे गेली होती. त्यातल्या एकाला किशोरनं स्वतः शिकवलं होतं, आणि तो आता स्टाफरूममध्ये "सर, तुमचं कुठवर आलं?" असं इतक्या आदरानं विचारायचा की उत्तर देताना घास अडकावा.

ऑक्टोबरात भाताची कापणी सुरू व्हायच्या बेताला त्यानं पुंजाला फोन केला. शेवटची संधी होती आणि त्याचा तोल सुटला. नोंदी नीट ठेवत जा, आईच्या भातापायी माझं सगळं अडलंय, असं तो बोलून गेला. पुंजा नुसता बरं म्हणाला. दोन दिवसांनी किशोरनं सात कलमांचा एक कागद तयार केला, मोठ्या अक्षरांत छापला आणि लॅमिनेट करून पाठवला. सकाळी नऊला भात पसरावा. दरवर्षीप्रमाणे संपूर्ण भात एकत्र पसरावा, म्हणजे नमुना खरा राहील. थर दोन बोटांचा असावा. आणि चौथं कलम, जाड अक्षरांत: चार वाजेपर्यंत भाताला कोणत्याही कारणानं हात लावू नये. आपल्याला मराठीत इतकं स्वच्छ लिहिता येतं याचा त्याला अभिमानही वाटला.

डिसेंबरात डबा आला. त्यानं चारशे दाणे सोलले, काचेवर मांडले आणि दिवा लावला. शंभरात त्रेचाळीस. त्यानं मोहिनीला बोलावून पुन्हा मोजायला लावले. तिनं शंभरात बेचाळीस काढले आणि म्हणाली, उरलेल्या चार दाण्यांना तडा आहे की केस चिकटलाय ते तू ठरव.

बीटाची गरजच उरली नव्हती. बिनगुणांकाचं, निव्वळ, शुद्ध गणित खळ्यावरच्या भाताशी जुळलं होतं. किशोर स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभा राहिला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. इतकी वर्षं आपण बरोबर होतो आणि जगच चुकत होतं, अशी भावना माणसाला आयुष्यात फार कमी वेळा येते. आली की ती लगेच खरी मानू नये, एवढी अक्कल त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हती. त्यानं बीटा खोडला. मागच्या पाच वर्षांचे आकडे मात्र आता आडवे येत होते. त्यासाठी त्यानं एक वाक्य लिहिलं: 'पहिल्या पाच वर्षांची निरीक्षणे नोंदींमधील त्रुटींमुळे वगळण्यात आली आहेत.' वाक्य कर्मणी प्रयोगात होतं, त्यामुळे कोणी वगळली ते कळत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी काझी मॅडमनी सबंध प्रबंध वाचला. आलेखावर त्या बराच वेळ थांबल्या. छान जुळतंय म्हणाल्या. किशोरच्या कानांना ते इतकं नवं होतं की त्यानं "काय मॅडम?" असं विचारून ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग मॅडम त्या वगळण्याच्या वाक्याशी आल्या. पाच वर्षं नोंदी चुकल्या आणि सहाव्या वर्षी अचानक बरोबर आल्या, हे कसं, असं त्यांनी विचारलं. किशोरनं सांगितलं की यंदा सूचना लेखी दिल्या होत्या.

"मग आईंना विचारून या, आधी काय वेगळं करत होत्या," मॅडम म्हणाल्या. "एक ओळ लिहा आणि द्या जमा करून."

एका ओळीसाठी पेठपर्यंत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण होळी जवळ आली होती आणि आनंदाची बातमीही सांगायची होती. मार्चच्या पहिल्या रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन तो सकाळच्या एसटीनं निघाला. घाटात त्यानं ती ओळ मनात तयारही करून टाकली: 'पूर्वी तापमापक सावलीत ठेवला जात असे.' विचारायचं फक्त बाकी होतं.

भागीबाईला पेढे दिल्यावर तिनं पहिला देवापुढे ठेवला, दुसरा पुंजाला दिला आणि पुडा बांधून वर ठेवला. काम झालं का, एवढंच तिनं विचारलं. झालं, किशोर म्हणाला, तुझा भात यंदा एकदम बरोबर आला. तिच्या चेहऱ्यावर एवढा निवांतपणा आला की त्याला जरा नवल वाटलं. मग तिनं ताटं वाढली. उडदाचं भुजं म्हणजे भाजल्या डाळीचं कालवण, भात, तोंडी लावायला मिरची.

भात बघून किशोरला वाटलं, आई आता थकली. गोळा झाला होता. आजाऱ्याला खिमट देतात तसा. एक दाणा सुटा दिसेल तर शपथ. आईला वाईट वाटू नये अशा बेतानं त्यानं हळूच विचारलं की आज पाणी जास्त झालं का. पुंजानं हातातला घास खाली ठेवला.

"पाणी बरोबर हाय," तो म्हणाला. "ती कणी हाय. घरात यंदा कणीच हाय सगळी."

आईनं त्याला गप्प राहायची खूण केली, पण पुंजाच्या पोटात ते चार महिने साचलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. भात गिरणीत नेला तर जवळजवळ निम्मा मोडून आला. गिरणीवाल्यानं विचारलं, भागीबाईचा भात आन असा? आईनं घरी आणून तो चाळला, मोठा अख्खा तांदूळ वेगळा काढला आणि नाशिकला पाठवला. जानेवारीत आलेलं पोतं नेहमीपेक्षा अर्धं होतं. मोहिनी तसं म्हणालीही होती, आणि किशोरनं तिला, दादानं पुढच्या खेपेला ठेवला असेल, असं सांगितलं होतं. चाळणीखाली जे राहिलं ते हे दोघं खात होते.

किशोरला अजून नीट उमगत नव्हतं. एवढा मोडला कसा, असं त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर ऐकू आलं, कारण ते त्यानंच प्रबंधात सत्तर पानं भरून लिहिलं होतं.

आई दरवर्षी काय करायची, ते पुंजानंच सांगितलं. ऊन डोक्यावर आलं की पसरलेला भात ओढून त्याचा ढीग करायचा, वर गोणपाट आणि जुनी गोधडी टाकायची, आणि मग घरच्यांनी जेवायचं, सावलीला जरा पडायचं. दिवस कलला की भात पुन्हा पसरायचा. पाड्यावर सगळ्याच बाया असं करत. माणूस दम खातो तसा भातालाही दम खाऊ द्यायचा, एवढंच त्यामागचं शास्त्र. किशोर तोंडात घास तसाच धरून ऐकत राहिला. ढिगात झाकलेला दाणा. कडक ऊन बंद. आतला ओलावा सावकाश बाहेरच्या भागात येतो, आत-बाहेर सारखं होतं, ओढाताण सैल पडते, आणि मगच पुन्हा ऊन. पाच वर्षं ज्याला तो बीटा म्हणत होता ती दुपारच्या जेवणाची सुट्टी होती.

आणि त्याला ती माहीत नव्हती. पहिलीपासून तो आश्रमशाळेत राहिला. दिवाळीची सुट्टी संपवून तो परत जाई तेव्हा भात अजून खळ्यावर यायचा असे, आणि उन्हाळ्यात येई तेव्हा तो कणगीत असे. मधली दुपार त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पण प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'लेखक स्वतः या भागातील असल्याने स्थानिक पद्धतींशी पूर्ण परिचित आहे' असं त्यानं लिहून ठेवलं होतं. तेवढ्यासाठी लाल पेन वापरलं नव्हतं, इतकंच.

"आये, मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू पुसलं कुठं? तुझ्या कागदावर दुपारचं घर नव्हतंच."

खरंच नव्हतं. तक्त्यात ढगांना रकाना होता, आईला नव्हता. पण यंदा तरी झाकायचं होतंस ना, असं तो म्हणाला. कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुला माहीत होतं ना फुटेल म्हणून?

"म्हाईत व्हतं," भागीबाई म्हणाली. "दोन दिसांतच कळलं, दाताखाली धरून बघितला तर कटकन मोडला. पुंजा म्हणं झाकू. मी म्हणलं नको. माझ्या भातापायी तुझं अडलं व्हतं ना? तू लिव्हलं, हात लावू नको. मी नाय लावला."

किशोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मान खाली घातली. रडू येत होतं आणि भूकही लागली होती, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतं याची त्याला लाज वाटली. त्यानं ताटातला भात सगळा खाल्ला आणि पुन्हा मागितला. आईनं वाढला.

हात धुतल्यावर भागीबाईनं विचारलं, मग आता ते पुस्तक पुरं झालं का? त्यात माझं काय लिव्हलंय? किशोरला खोटं बोलता आलं असतं. आलेख जुळत होता, मॅडमना एक ओळ हवी होती, आणि ती घाटातच तयार झालेली होती. पण पोटात तिचीच कणी होती. त्यानं ते वाक्य पिशवीतून काढलेल्या प्रबंधातून जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि मग सोपं करून सांगितलं. आधीची पाच वर्षं गाळली, यंदाचं एक वर्ष ठेवलं, म्हणजे गणित नीट जुळतं आणि डिग्री मिळते.

भागीबाईनं हात पदराला पुसले.

"म्हंजे माझा पाच वरसांचा चांगला भात खोटा," ती म्हणाली, "आन यंदाचा फुटका खरा?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. सहा वर्षांत विद्यापीठाच्या कोणत्याही परिसंवादात किशोरला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पाड्यामागच्या टेकाडावर एका ठरावीक दगडाजवळच रेंज येते. किशोर तिथं जाऊन उभा राहिला आणि त्यानं काझी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, सांगताना मध्ये दोनदा आवाज गेला, त्यातला एकदा रेंजमुळे. मॅडमनी विचारलं, ढीग किती वेळ झाकलेला असतो? ढिगाच्या पोटात तापमान किती असतं? किशोर म्हणाला, मोजलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग हे पुढच्या हंगामाशिवाय पुरं होणार नाही, एकतीस तारीख जाईल, समितीपुढे मुदत मागावी लागेल आणि ती मिळेलच असं नाही. तुम्ही आज ती एक ओळ देऊन मोकळे होऊ शकला असता, हे तुम्हाला कळतंय ना, असंही त्यांनी विचारलं. कळतंय, किशोर म्हणाला. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्यानं मॅडमना सांगितलीही.

पुढच्या दहा दिवसांत त्यानं गणितात दुपारचं झाकणं, अंदाजानं दोन तासांचं, घातलं. कॉम्प्युटरला आता एका दिवसासाठी सव्वीस तास लागायला लागले. उत्तर आलं एकोणीस. आईच्या भातात सोळा होते. जुळलं असं म्हणता येत नव्हतं, पण कोणत्याही ग्रीक अक्षराशिवाय ते सोळाच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आलं होतं. तिथून पुढे मोजल्याशिवाय इलाज नव्हता.

समितीत चार जण होते. किशोरनं आलेख दाखवले, वगळलेली पाच वर्षं परत घातलेली दाखवली, यंदाचा भात का फुटला ते सांगितलं. एक वयस्कर सर बाहेरून आले होते. त्यांनी कागद बाजूला सारले आणि चष्मा काढला.

"सहा वर्षं त्यांच्याकडून नमुने घेतलेत. दुपारी त्या काय करतात, हे एकदाही विचारलं नाहीत?"

"नाही सर."

"का?"

किशोरकडे या प्रश्नासाठी स्लाइड नव्हती. काझी मॅडम खाली बघत होत्या.

"घर माझं होतं सर," तो म्हणाला. "मला वाटलं, मला माहीत आहे."

त्याला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं मॅडम आल्या आणि म्हणाल्या, डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली आहे, त्यापुढे एक दिवसही नाही, आणि 'स्थानिक शेतकरी क्र. १' च्या जागी त्यांचं नाव घाला असं सरांनी सांगितलंय. तेवढं लिहून झाल्यावर किशोरनं घरी फोन केला. भागीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि डिग्री कधी ते न विचारता, यंदा कापणीला किती दिवस येशील, एवढं विचारलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: भात वाळवणे. ऑफिसातल्या कारभारीभाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि परत केला. या कारणासाठी रजा बिनपगारी लागते, ते म्हणाले, आणि वर प्राचार्यांना ती गच्चीची भानगड आठवेल ते वेगळंच. काहीतरी बरं लिहा सर. उच्च शिक्षण लिहा, त्याला पगारी रजा आहे, आणि कोणी विचारतही नाही.

किशोरनं भात वाळवणे खोडलं आणि वर उच्च शिक्षण लिहिलं. आजवर कॉलेजला दिलेल्या कागदांपैकी हाच एक पूर्ण खरा होता.